थांबाराव आणि खिशातली चिठ्ठी

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, आयुष्यात कुठला शब्द सगळ्यात जास्त वेळा बोलला असेल तर तो 'थांबा'. टेबलावरचा रिकामा कप उचलायला कुणी गेलं की 'थांबा, कुणी पीत असेल.' कप कोरडा ठणठणीत असतो, तळाशी एक माशी चिरनिद्रा घेत असते, तरी थांबा. खोलीतला दिवा बंद करायला हात नेला की 'थांबा, आत कुणी वाचत असेल.' आत कुणी वाचत नसतं. आमच्या दोन्ही घरांत मिळून वाचणारं माणूस एकच, ते म्हणजे हे स्वतः, आणि ते तर आपल्याशीच बोलत उभे असतात! शेवटी सासऱ्यांनीच एके दिवशी त्यांचं बारसं उरकलं आणि 'थांबाराव' हे नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं, की आता पोस्टमनही खालून त्याच नावानं हाक मारतो.

थांबाराव ज्या कंपनीत आहेत ती डबे बनवते. जेवणाचे नव्हेत. छताजवळ टांगलेले, हिरवे दिवे लुकलुकणारे, एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्या कॉम्प्युटरला पोचवणारे डबे. त्या डब्याच्या पोटात जो मुख्य कारभारी प्रोग्रॅम असतो त्याला कर्नल म्हणतात. लग्न ठरण्याआधी "जावई कर्नलमध्ये काम करतात" एवढंच सासऱ्यांच्या कानावर आलं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी खाड्कन उठून सलाम ठोकला होता, आणि समोरून हातात कापडी पिशवी घेतलेला, पाठीला पोक आलेला एक सज्जन 'थांबा, थांबा' म्हणत आत आला होता. सासरे त्या धक्क्यातून अजून पुरते सावरलेले नाहीत.

या माणसाचं काम नक्की काय, ते मला समजायला सहा वर्षं लागली. समजलं ते असं. डब्यात चार कारकून बसलेले आहेत असं समजा. समोर एकच भिंत, भिंतीवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या. आलेला प्रत्येक निरोप कुठल्या दारातून बाहेर धाडायचा ते चिठ्ठी बघून ठरतं, आणि चौघे मिळून सेकंदाला लाखो वेळा भिंतीकडे बघतात. मधेच एखादा पत्ता बदलतो. मग चिठ्ठी बदलावी लागते. आता एकजण वाचत असतानाच दुसऱ्यानं चिठ्ठी ओढून फाडली, तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागेल? डब्यात जागेची टंचाई असल्यामुळे फाडलेल्या चिठ्ठीची जागा लगेच दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतात. कारकून पत्ता म्हणून वाचायला जातो आणि तिथं भलतंच काहीतरी असतं. मग तो भलतंच करून बसतो आणि डबा उताणा पडतो.

पूर्वी यावर उपाय होता कुलपाचा. जो बघेल त्यानं भिंतीला कुलूप लावायचं, बाकीच्या तिघांनी रांगेत उभं राहून जांभया द्यायच्या. अकरा वर्षांपूर्वी थांबारावांनी ते कुलूप काढलं. त्यांचा नियम असा: वाचणाऱ्यानं कुणाला काही विचारायचं नाही, खुशाल वाचावं. सगळी तसदी बदलणाऱ्यानं घ्यायची. त्यानं नवी चिठ्ठी पूर्ण लिहून तयार ठेवायची, एका झटक्यात जुनीच्या जागी लावायची आणि जुनी हातात घेऊन थांबायचं. किती? तर चिठ्ठी काढली त्या क्षणी जे जे भिंतीकडे बघत होते, ते सगळे एकदा तरी जागेवरून उठेपर्यंत. मागून येणाऱ्यांना नवीच दिसणार, त्यांची चिंता नाही. सगळे एकदा उठले, की मग फाडा.

"काढणं वेगळं आणि टाकणं वेगळं," थांबाराव म्हणतात. "मधे थांबणं असतं."

हे ऑफिसात ठीक आहे हो. पण माणूस घरीही तस्साच! आम्ही वरच्या मजल्यावर, ते खालच्या, सासरे त्यांच्याकडे. त्यांच्या दाराजवळ एक हिरवा फळा आहे. त्यावर घरातल्या सगळ्या कामाच्या चिठ्ठ्या: नळवाला, दातांचे डॉक्टर, दुधाची वेळ. नळवाल्याचा नंबर बदलला, तर तुम्ही-आम्ही खोडून वर नवा लिहू. थांबाराव नवी चिठ्ठी लावतात, जुनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि शेजारच्या यादीवर घरातला प्रत्येकजण एकदा दाराबाहेर जाऊन येईपर्यंत खुणा करत बसतात. का, तर कुणी जुनी चिठ्ठी बघून अर्धा नंबर फिरवला असेल.

"अहो, घरात माणसं तीन," मेहुणी कपाळाला हात लावून म्हणते. "मोठ्यांदा विचारा ना, कुणी वाचतंय का म्हणून!"

"विचारलं की वाचणाऱ्याला वाचन सोडून उत्तर द्यावं लागतं. वाचणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, हाच तर मुद्दा आहे."

"आणि माझ्या त्रासाचं काय?"

"तू बदलणारी आहेस. बदलणाऱ्याला त्रास असतोच."

मागे एकदा सासऱ्यांचा घोटा मुरगळला आणि ते अकरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. झालं! त्यांची खूण होईना, म्हणून एकही जुनी चिठ्ठी फाडता येईना. पत्र्याच्या डब्याचं झाकण लागेनासं झालं. बाराव्या दिवशी थांबाराव पलंगापाशी जाऊन अगदी अजिजीनं म्हणाले, "बाबा, उंबऱ्याबाहेर नुसता एक पाय टाकता का?"

"जावईबापू," सासरे म्हणाले, "माझे पाय बाहेर काढायची एवढी घाई झाली का तुम्हाला?"

तर अशा या निरुपद्रवी माणसाच्या हातून एका शुक्रवारी एका बाईचं नुकसान व्हायची वेळ आली.

थांबारावांच्या कंपनीचे डबे एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रत्येक मजल्यावर टांगलेले आहेत. रोग्यांच्या खाटेजवळची यंत्रं तिथं चाकांवर फिरतात, आज तिसऱ्या मजल्यावर, उद्या पाचव्या. त्यामुळे भिंतीवरच्या चिठ्ठ्या दिवसभर बदलत असतात. गेल्या महिन्यापासून दर आठ-नऊ दिवसांनी एखादा डबा उताणा पडायला लागला होता. दीड मिनिटात आपोआप उठायचा, पण तेवढा वेळ नर्सच्या टेबलावरचा पडदा काळा. सुदैवानं कुणाला इजा झाली नव्हती. पण दीड मिनिट म्हणजे काय, ते नर्सला विचारा.

शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना खोलीत बसवलं. "महिन्याभरात काय बदललं?" बदललं होतं एकच. थांबारावांच्या पलीकडच्या टेबलावर एक बाई बसते. हे तिला 'आमची पलीकडची' म्हणतात. पडद्यावरच्या ओळीखाली लाकडी पट्टी धरून वाचते, एकही ओळ गाळत नाही. तीन वर्षं वेगळ्या विभागात काढून, रोज जेवणाच्या सुट्टीत अभ्यास करून ती कर्नलच्या कामावर आली होती. जुन्या चिठ्ठ्या फाडण्याचं काम तिनं त्या महिन्यात जलद केलं होतं.

साहेबांनी थांबारावांकडे बघितलं. थांबाराव म्हणाले, "बहुधा तिकडूनच आलं असेल."

त्यातलं 'बहुधा' साहेबांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. साहेब लोकांचे कान तेवढे शब्द गाळूनच घेतात. हुकूम सुटला: सोमवारपासून तिनं ग्राहकांचे फोन घेणाऱ्या विभागात बसायचं.

ती उठताना एवढंच म्हणाली, "सर, मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही 'थांबा' म्हणालात."

शनिवारी सकाळी थांबाराव वर आमच्याकडे येऊन बसले. चहात बिस्कीट बुडवलं ते बुडवलंच. बिस्कीट कधीच तळाला गेलं, तरी चिमूट तशीच हवेत.

"साडूभाऊ, मी खोटं तर नाही बोललो?"

"खात्री आहे का तुम्हाला?"

"माझ्या बाजूनं सगळीकडे थांबलेलं आहे. काल तीनदा तपासलं. सगळे उठल्याशिवाय एकही चिठ्ठी फाटत नाही."

"मग चहातलं बिस्कीट कुणी मारलं?"

त्यांनी कपात डोकावून बघितलं आणि आणखीच खिन्न झाले. माझी बायको म्हणाली, "अहो, तिनं कुठला प्रश्न विचारला होता?"

"आठवत नाही. ती रोज सात प्रश्न विचारते."

एवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. सासरे डोळे तपासून परत आले होते. वर आले, खुर्चीत बसले, आणि आमच्याकडे त्यांनी तोंड वळवताच माझ्या बायकोच्या हातातली किटली हातातच राहिली.

सासऱ्यांच्या भुवया म्हणजे आमच्या घराण्याचं भूषण. दोन केसाळ सुरवंट समोरासमोर येऊन बोलणी करताहेत अशा. त्या जागी आता दोन नाजूक, बाकदार, धनुष्यासारख्या रेघा! चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस अखंड आश्चर्यचकित दिसत होता.

"बाबा! हे काय?"

"तपासणी फार दुखरी असते हल्ली," सासरे म्हणाले. "पण हात हलका होता हं मुलीचा."

"कुठल्या मुलीचा? डॉक्टर पुरुष आहेत!"

"मलाही वाटलं डॉक्टर बदलला. पण पांढरा डगला होता. खुर्ची मागे झुकणारी, ती होती. 'डोळ्यांचं काम आहे' म्हटलं, तर म्हणाली, 'बसा, डोळे मिटा.' आता डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणखी काय सांगतात? मिटले. मग तिनं दोरा काढला."

"दोरा?"

"दोरा काढल्यावर शंका आली. पण एक भुवई झाली होती तोवर. अर्ध्यावर उठून कसं चालेल?"

मेहुणी आवाज ऐकून वर आली होती. ती मटकन जिन्याच्या पायरीवर बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. "बाबा, डोळ्यांचे डॉक्टर चौकातल्या नव्या इमारतीत गेलेत! मंगळवारीच फळ्यावर नवी चिठ्ठी लावली ह्यांनी! जुन्या जागी ब्युटी पार्लर आलंय!"

आपल्या पद्धतीवर आळ आलेला थांबारावांना खपत नाही. ते तिथूनच म्हणाले, "मी नियमानं केलंय. जुनी चिठ्ठी गुरुवारी फाडली. बाबांची खूण होती. बाबा, तुम्ही बुधवारी बाहेर जाऊन आला होतात."

"आलो होतो की."

"मग? बाहेर जाऊन आलं की नवीनच चिठ्ठी वाचायची!"

"फळ्याकडे कोण बघतंय?" सासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सोमवारीच पत्ता उतरवून खिशात टाकला होता. बाहेर गेलो तेव्हाही खिशातच होता, परत आलो तेव्हाही खिशातच."

थांबाराव त्या कागदाकडे बघत राहिले. मग एकदम उभे राहिले.

"खिशात घालून... उठला," ते म्हणाले. "मी समजलो, उठला म्हणजे वाचून झालं."

"अहो, बाबांना काय बोलताय?"

पण ते बाबांना बोलतच नव्हते. एका पायात स्वतःची आणि एका पायात माझ्या बायकोची चप्पल घालून जिना उतरत होते. मी मागे धावलो. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, बोटं सरसर चालवली आणि एका ओळीपाशी थांबले.

"हे बघा साडूभाऊ. इथं कारकून भिंतीवरची चिठ्ठी बघतो. इथं त्याच्या लक्षात येतं की समोरच्या यंत्राला काहीतरी विचारायला हवं आणि उत्तर यायला वेळ लागणार. म्हणून चिठ्ठीची जागा कुठली ते तो खिशात टाकतो आणि उठतो. मी इकडे बघतो, सगळे उठले! चिठ्ठी फाडतो, जागा दुसऱ्याला देतो. मागाहून उत्तर येतं, तो खिशातला कागद काढतो, त्या जागी जातो..."

"आणि भुवया कोरून येतो."

"हो," थांबाराव म्हणाले. हसले नाहीत.

"पण मग इतके दिवस कसं चाललं?"

"आधी चिठ्ठ्या गठ्ठ्यानं, उशिरा फाडल्या जायच्या. तोवर खिशातलं काम उरकलेलं असायचं. पलीकडचीनं फाडणं जलद केलं. तिचं काम अगदी बरोबर आहे. तिच्यामुळे जुनी चूक उघड्यावर आली, एवढंच."

"कुणाची जुनी चूक?"

या लोकांच्या धंद्यात प्रत्येक ओळ कुणी, कधी आणि बदल कळवणाऱ्या कुठल्या पत्रानं आत आणली याची नोंद कायमची राहते. थांबारावांनी दोन बटणं दाबली. ओळीशेजारी नाव उमटलं. आठ वर्षांपूर्वीचा एक गुरुवार, आणि नाव त्यांचं स्वतःचं. पत्राचा मथळा होता: 'किरकोळ सुधारणा.'

मग त्यांनी चाळीस दिवसांपूर्वीची एक मेल शोधली. पलीकडचीची. 'सर, इथं चिठ्ठी घेऊन आपण बाहेर पडतो, तर तिच्यावरची मोजणी वाढवायला नको का?' खाली ह्यांचं उत्तर. एकच शब्द. तो कुठला, ते सांगायला नको.

दुरुस्ती म्हणाल तर सात ओळींची. प्रत्येक चिठ्ठीवर एक आकडा, हीच ती मोजणी. खिशात घेऊन जाणाऱ्यानं आकडा एकनं वाढवायचा, काम झालं की कमी करायचा. आकडा शून्यावर आल्याशिवाय फाडायची नाही, आणि शून्यावर आलेलीला नव्यानं कुणी हात लावायचा नाही. अर्ध्या तासात लिहून झालं. पुढे मात्र काम अडलं.

कारण कर्नल कुणा एका कंपनीच्या मालकीचा नसतो, आणि दुरुस्तीचं पत्र जातं चव्हाट्यावर. जगभरातले याच कामातले लोक ते वाचतात. आणि रीत अशी, की पत्राच्या तळाशी एक ओळ लिहायची: ही चूक अमक्या पत्रानं आत आली. ती ओळ लिहिली की अकरा वर्षं लोकांना थांबायला शिकवणारा माणूस स्वतः कुठं थांबला नाही, ते सगळ्या जगाला दिसणार.

मेहुणी मागे उभी होती. नवऱ्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना. "अहो, तेवढी ओळ नाही घातली तर? दुरुस्ती तर होतेच आहे."

"मग साहेब समजतील, तिची चूक मी निस्तरली. सोमवारी ती फोनवर बसेल."

"घाला मग."

थांबारावांनी ओळ घातली. खाली आणखी एक घातली, ही शंका आधी कुणी काढली होती ती, पलीकडचीच्या नावासकट. साहेबांचा पत्ताही जोडला. आणि बटणावर बोट ठेवून बसून राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं.

सासरे काठी टेकत आत आले होते. त्या नव्या भुवयांमुळे त्यांचा चेहरा फारच उदात्त दिसत होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "आता थांबू नका."

पत्र गेलं. मग त्यांनी तिला फोन लावला. "अहो, मी बोलतोय. चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतंत, मी बघितलं नाही. पत्र टाकलंय, सगळ्यांना." तिनं विचारलं, "वाचू, की थांबू?" आणि थांबाराव ओशाळून म्हणाले, "नाही, नाही. कसली वाट बघता? आत्ताच वाचा."

तासाभरात तिचं उत्तर आलं, तेही चव्हाट्यावरच. आभार नाहीत, मान-अपमान नाही. मला तर दिसलीच ती, पट्टी धरून ओळ ओळ वाचताना. 'सर, काम मधेच रद्द झालं तर वाढवलेली मोजणी तुम्ही कमी करत नाही. तशी चिठ्ठी मग कधीच फाटणार नाही.'

थांबाराव खुर्चीतून उडालेच. "बघा! बघा कशी पकडली! साडूभाऊ, ही आठव्या ओळीची बाई आहे!" दोन दिवसांत या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं, आणि तेही स्वतःची दुसरी चूक सापडल्यावर. आठवी ओळ घालून पत्र पुन्हा गेलं, आणि या वेळी खाली तिची ओळ आली: तपासलं, बरोबर आहे.

सोमवारी साहेबांनी पुन्हा सगळ्यांना बसवलं. चूक कबूल करणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, हे साहेबांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते म्हणाले, "अहो, पण फोन विभागाला मी माणूस पाठवतो म्हणून सांगून बसलोय! आता कुणाला पाठवू?"

"मला पाठवा," थांबाराव म्हणाले.

"तुम्हाला?" साहेब दचकले. "ग्राहक कळवळून फोन करणार, आणि तुम्ही त्याला थांबा म्हणणार!"

यावर पलीकडची खुद्कन हसली. हसली ती हसली, आणि आपल्या टेबलावर जाऊन पट्टी हातात घेतली. कुणीच कुठं गेलं नाही. फक्त तेव्हापासून थांबारावांचं प्रत्येक पत्र आधी तिच्या पट्टीखालून जातं, आणि तिचे रोजचे सात प्रश्न हे त्याच दिवशी वाचतात. हॉस्पिटलातला डबा पडून आज चौतीस दिवस झाले. मी मोजत नाही, ते रोज जिन्यात सांगतात.

घरचा फळाही सुधारला आहे. पत्ता उतरवून नेणाऱ्यानं चिठ्ठीच्या कोपऱ्यात रेघ ओढायची, काम झालं की खोडायची. मेहुणीनं कपाळाला हात लावला, पण रेघ ओढते. आणि फळ्यावर अगदी मधोमध सासऱ्यांच्या अक्षरातला तो घडी पडलेला कागद टोचलेला आहे, ज्या पत्त्यावर आता डोळ्यांचे डॉक्टर नाहीत तो. कोपऱ्यात एक रेघ आहे.

"बाबा, रेघ खोडा ना," थांबाराव परवा म्हणाले. "म्हणजे फाडून टाकतो."

"थांबा," सासरे म्हणाले. "पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे मी."